भाऊजींच्या टाकीतलं शेवाळ

"हलू नका, बाळासाहेब. उजेड हलतोय."

भाऊजींचा हात खांद्यापर्यंत काचेच्या टाकीत होता आणि मी स्टुलावर उभा राहून वरून टॉर्च धरली होती. त्यांच्या हातात दात घासायचा जुना ब्रश होता. त्या ब्रशने ते पाण्यातला एक खडक घासत होते. खडकावर हिरवंगार शेवाळ माजलं होतं, बोटभर लांब, केसांसारखं. ब्रश फिरला की त्याचे पुंजके सुटायचे आणि भाऊजी दुसऱ्या हातातल्या नळीने ते ओढून बादलीत सोडायचे. रविवारची दुपार होती. स्वयंपाकघरातून सुरमईच्या कालवणाचा वास येत होता. मला जेवायला बोलावलं होतं, निदान ताईने तरी तसंच सांगितलं होतं.

"विजेचा धंदा करता तुम्ही. टॉर्च एका जागी धरणं जमायला हवं," भाऊजी म्हणाले.

माझं नाव बाळकृष्ण. सगळं जग मला बाळू म्हणतं. एकटे भाऊजी बाळासाहेब म्हणतात, आणि ते आदराने नव्हे. खारघरला बेलपाड्याच्या नाक्यावर माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायरी, पंखे, गीझरची दुरुस्ती. भाऊजींच्या लेखी हातगाडीवर बल्ब विकणारा आणि मी यांच्यात फार तर एका पायरीचा फरक आहे.

भाऊजी म्हणजे इंद्रजीत, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रसायनीच्या एका रंगाच्या कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी काढली, तीही प्रयोगशाळेत. समोर नमुना यायचा, हे तो तपासायचे आणि त्यावर पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचे. एवढंच काम. माणूस निवृत्त झाला, नमुने यायचे बंद झाले, पण हात काही थांबला नाही. शेजारी रिजेक्ट, बाजारातला हापूस रिजेक्ट, नवा विमानतळ रिजेक्ट. माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हा मुलगी पास, पोहे रिजेक्ट, असं म्हणाले होते म्हणे. हा किस्सा ते अजून चारचौघांत सांगतात आणि स्वतःच हसतात. ताई तेव्हा काहीतरी आणायला आत जाते.

ही टाकी निवृत्तीनंतर आली. नवीन पनवेलच्या त्या फ्लॅटचा अर्धा हॉल तिने खाल्ला. साधे मासे पाळणाऱ्यांचा त्यांना भयंकर तिटकारा. "गोड्या पाण्यातले मासे म्हणजे वरणभात. कुणीही शिजवतं," हे त्यांचं वाक्य. यांची टाकी खाऱ्या पाण्याची. विकतचं मीठ, गाळून गाळून शुद्ध केलेलं पाणी, खालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी, फेस काढणारं यंत्र, पंप, निळे दिवे. त्यांतली विजेची सगळी जोडणी मी केलेली, हे पाहुण्यांना कधीच सांगितलं जात नसे. पाहुण्यांना सांगितलं जाई ते समुद्रफुलाबद्दल. टाकीच्या मधोमध खडकावर बोटाबोटांचं एक मऊ फूल होतं, आणि त्या बोटांत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी राहायची. दिसायचं सुंदर, ते नाकारत नाही. पण त्यावर अर्धा तास भाषण ऐकल्यावर माणसाला चहासुद्धा नकोसा होई.

आणि मग या वर्षी शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवट धूर धरल्यासारखं, मग खडकावर, मग सगळीकडेच. आज घासावं, चार दिवसांत पुन्हा हजर. मला आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. नाकावर माशी बसू न देणाऱ्या माणसाच्या हॉलमध्ये दलदल झाली होती.

बेल वाजली. ताईने दार उघडलं. भावेश आला होता, मिठाची गोण खांद्यावर आणि हातात कसली तरी बाटली घेऊन. पनवेलच्या बाजारात त्याचं माशांचं दुकान आहे. उरणकडे त्याच्या आज्याचं मिठागर होतं, ते गेलं, आणि आता नातू गळ्यात जाड साखळी घालून शहरी लोकांना गोणीतून मीठ विकतो. दर खेपेला नवी बाटली आणतो आणि दर खेपेला हीच शेवटची म्हणतो.

त्याने गोण ठेवली, टाकीकडे बघितलं आणि तोंडाने चक् केलं.

"काका, मी मागं पन सांगितला. तुमी खायला जास्त घालताव. बाकी कायच नाय."

"मी मोजून घालतो," भाऊजी ब्रश न थांबवता म्हणाले.

"मंग दुसरा कोन घालतंय. अन्न पडल्याबिगर एवढा शेवाल येनार नाय. आमचा आजा मिठागरान शेवाल आला का पानी सोडून देयाचा, तसा तुमी..."

"तुझ्या आजाने मासे पाळले होते?"

"नाय."

"मग गप्प बैस. दुसरं कोणीही काही घालत नाही. दिवे जास्त वेळ चालू राहतायत. टायमर या बाळासाहेबांनी बसवलाय, म्हणजे घोटाळा तिथेच असणार. बाटली परत घेऊन जा."

स्वयंपाकघरातला पळीचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मला फक्त टायमर ऐकू आला. माझ्या हातचा टायमर! इतकी वर्षं मी लोकांच्या घरात वायरिंग करतोय, एकाचं घर पेटलं नाही, आणि हा माणूस एका पोरासमोर माझी अब्रू काढतो. स्टुलावरून उतरलो. जेवताना सुरमई छान झाली होती, पण मी तसं म्हणालो नाही.

ठरवलं, याला दाखवूनच द्यायचं. त्याच आठवड्यात एका सकाळी दुकान उघडायच्या आधी मी नवीन पनवेलला गेलो. भाऊजी त्या वेळी बागेत फिरायला जातात आणि तिथे योगासनं करणाऱ्यांचे हातपाय सुधारतात. दिवे लागण्याआधी पोचायचं, घड्याळ लावून बसायचं, आणि टायमर चोख आहे हे कागदावर लिहून त्यांच्या उशीवर ठेवायचं, असा माझा बेत होता.

दार नुसतंच लोटलेलं होतं. आत गेलो तर ताई टाकीसमोर. नुकतीच आंघोळ झालेली, केस ओले. एका हातात स्टीलची वाटी. टाकीचं वरचं झाकण तिने उचललं होतं आणि वाटीतलं काहीतरी एकेक करून पाण्यात सोडत होती. ओठ हलत होते.

"ताई, काय करतेस?"

ती दचकली नाही. हात तसाच ठेवून म्हणाली, "आधी दार लाव."

वाटीत कणकेच्या गोळ्या होत्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, हळद घातल्यामुळे पिवळ्या, एकसारख्या.

खांदा कॉलनीत कोणी ज्योतिषीण बाई आहेत. त्यांनी ताईला सांगितलं होतं, माशांना रोज कणकेच्या गोळ्या घाला, खंड पडू देऊ नका, मुलीची कूस राखली जाईल. मुलगी म्हणजे आभा, माझी भाची. उलव्याला राहते. द्रोणागिरीच्या गोदामात कामाला असलेल्या निकेशशी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, आणि तो निकेशही भाऊजींनी पाहताक्षणी रिजेक्ट केला होता, गोदामवाला म्हणून. आभाचं बाळ दोनदा पोटातच गेलं. पहिल्या वेळी भाऊजी फोनवर निकेशला म्हणाले होते, "आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही." फोन स्पीकरवर होता आणि आभा शेजारी पडलेली होती. त्यानंतर पोरीने वर्षभर या घरात पाय ठेवला नाही. हे वाक्य बोलायला कुठलं काळीज लागतं ते मला माहीत नाही. माझ्याजवळ ते नाही, याचं मला समाधान आहे.

आता आभाला पुन्हा दिवस गेले होते.

"अगं, पण त्या बाईंनी तळ्यातल्या माशांना घालायला सांगितलं असेल ना?"

"माझे गुडघे बघ. रिक्षात चढायचं, तिथे पायऱ्या उतरायच्या, रोज. ह्यांना म्हटलं, गाडीने नेऊन आणा. तर म्हणाले, कणीक खाऊन मासे गर्भ राखत असते तर डॉक्टरांनी दवाखान्याऐवजी मत्स्यालयं काढली असती." तिने आणखी एक गोळी सोडली. "मग म्हटलं, मासे ते मासे. तळ्यातल्यांना सगळं गाव घालतं. हे तर घरचे आहेत."

"ताई, या गोळ्यांनीच शेवाळ होतंय."

"माहितीये मला."

"भाऊजी दिवसदिवस घासत बसतात."

"शेवाळ घासलं की जातं, बाळू," ती म्हणाली. वाटी रिकामी झाली होती. तिने झाकण लावलं. "मागच्या दोन वेळेला मी काहीच केलं नव्हतं. नुसती बसून राहिले होते. ह्या वेळी गोळ्या सुरू केल्या आणि पाचवा महिना लागला. आता तू सांग, उद्या थांबवू?"

मी काय सांगणार? माझा या असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. ज्योतिषीणबाईंना रांगेत उभं करून जाब विचारावा असं माझं मत आहे. पण "थांबव" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. टायमर खट् करून लागला, अगदी वेळेवर, आणि निळ्या उजेडात गोळ्या खडकांच्या फटींत जाऊन बसलेल्या दिसल्या. मी कागदबिगद काही लिहिलं नाही. "हे ह्यांना कळता कामा नये," ताई म्हणाली आणि मी मान हलवली. बहिणीसाठी हलवली असं मी म्हणतो. भाऊजींची परस्पर जिरतेय याचीही त्यात थोडी गोडी होती.

पुढचे दोन-अडीच महिने मी तो तमाशा बघितला. भाऊजींनी दिवे निम्म्यावर आणले, मग त्याच्याही निम्म्यावर. पाणी बदललं, परत बदललं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या. त्या खाऊन खाऊन लठ्ठ झाल्या आणि एकेक करून पाठीवर पडल्या. चाचणीची बाटली हलवून ते खिडकीशी उभे राहायचे. पाणी निळं झालं की फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, जास्त. ते निळंच व्हायचं, शाईसारखं. मी सोफ्यावर बसून चहा प्यायचो आणि मनात म्हणायचो, बघा साहेब, बघा. आयुष्यभर लोकांचे नमुने नापास केलेत, आता स्वतःचा बघा.

एका रविवारी त्यांच्या ग्रुपमधले तिघे आले. खाऱ्या पाण्याच्या टाक्या पाळणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, त्यात भाऊजी म्हणजे शेवटचा शब्द. कुणी फोटो टाकला की हे खाली चुका लिहायचे. तिघांपैकी एक वाशीचा दातांचा डॉक्टर होता, तरणाताठा, आणि त्याच्या टाकीला भाऊजींनी मागे "तोंड धुवायचं भांडं" म्हटलं होतं. तो मुद्दाम आला होता हे त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं.

त्याने मोबाइलचा दिवा लावून टाकीच्या कोपऱ्याकोपऱ्यात बघितलं. खडकांवर हिरवं, वाळूवर आता तांबडा बुळबुळीत थर. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं.

"सर, इट्स व्हेरी बेसिक," तो म्हणाला. "ओव्हरफीडिंग. बिगिनर्स करतात ही मिस्टेक."

मी कपबशी खाली ठेवली. आता स्फोट होणार, आणि तो बघायला मी जागेवर आहे, या विचाराने माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. स्वयंपाकघराच्या दारात ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधले कप किणकिणत होते.

भाऊजींनी एकदा त्या किणकिणाटाकडे बघितलं. मग डॉक्टरकडे.

"हो," ते म्हणाले. "माझाच हात सैल सुटला. वयानं होतं. चहा घ्या."

एवढंच. डॉक्टर चहा प्यायला, फोटो काढले आणि गेला. ते फोटो संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आले, खाली हसणारी तोंडं. भाऊजींनी मोबाइल पालथा ठेवून दिला. मला वाटलं, खचला माणूस. ताठा मोडला. मी घरी जाऊन माझ्या बायकोला, शकूला, अगदी रंगवून सगळं सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

समुद्रफूल गेलं ते त्याच आठवड्यात. विरघळून गेलं. त्याचा असा वास सुटला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. भाऊजींनी ते बादलीत काढलं, झाकण लावलं आणि स्वतः जिन्याने खाली नेलं, लिफ्टने नाही. लोकांना वास नको म्हणून, असं ताई म्हणाली. जोडीतला एक मासा त्यापाठोपाठ गेला. उरलेला जिथे फूल होतं त्याच खडकाभोवती फिरत राहायचा, शेवाळात अंग घासत.

ताईने मला दुकानात फोन केला. "बाळू, मी थांबू का रे? तो एकटा मासा बघवत नाही. आणि हे काही बोलतही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं."

"थांब ना मग."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.

"नाही थांबवत," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग एका संध्याकाळी तिचा पुन्हा फोन आला. आभाला अंगावरून जायला लागलं होतं. उलव्याहून निकेशने तिला थेट पनवेलच्या हॉस्पिटलात आणून दाखल केलं होतं. ताई तिथे पोचली होती. डॉक्टर म्हणत होते, उद्यापर्यंत बघू, काही सांगता येत नाही.

"आणि बाळू, ऐक. उद्या सकाळी... मी इथे असणार. खंड पडता कामा नये. किल्ली तुझ्याकडे आहे. हे फिरायला गेले की जा. ह्यांना कळू देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे."

"भाऊजी येत नाहीत हॉस्पिटलात?"

"खाली थांबलेत. वर या म्हटलं तर म्हणाले, आभाला मी समोर आलेलो चालणार नाही. रात्री घरी जातील."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. पोरगी आत पडलीये आणि हा शहाणा खाली उभा. तिथेही मान. तिथेही आपलंच. फोन ठेवल्यावर मी शकूसमोर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सकाळी शकूने गोळ्या करून दिल्या. आभासाठी तिचा जीव तुटत होता, पण गोळ्या वळता वळता ती म्हणालीच, "काय एकेक! मैदा पडून आहे तो वापरते, माशांना काय कळतंय." मी डबी खिशात टाकली, स्कूटर काढली. वाटभर मला माझीच लाज वाटत होती. पन्नाशी उलटलेला माणूस, खिशात पिठाच्या गोळ्या, चाललाय माशांना घालून भाचीचं बाळ राखायला. पण हात स्कूटरचा कान पिळतच होता. शपथ घातली होती ना ताईने.

मी किल्लीने हळूच दार उघडलं. हॉलमध्ये कोणी नव्हतं. दिवे लागायचे होते, टाकी काळपट हिरवी दिसत होती. चपला हातात घेऊन मी टाकीपाशी गेलो, खिशातून डबी काढली, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कोण आहे?"

मी आवाजाकडे वळलो. मग बघितलं.

भाऊजी ओट्याशी उभे होते. कालचाच शर्ट अंगावर, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. समोर परात. परातीत पीठ, अर्धंअधिक ओट्यावर सांडलेलं, आणि मधोमध एक ओलागच्च गोळा, हळदीने पिवळा. दोन्ही हातांच्या बोटांना कणीक चिकटली होती, कानालासुद्धा लागली होती. मोबाइल गॅसच्या शेजारी उलथणं टेकवून उभा करून ठेवला होता, वाजला तर लगेच दिसावा असा.

"पाणी जास्त झालंय," ते म्हणाले. "ती काय करते कोण जाणे. तिची सैल होत नाही."

मी तसाच उभा. एका हातात चपला, एका हातात डबी.

"काय आहे त्यात?"

"काही नाही."

"आणा इकडे."

मी डबी पुढे केली. त्यांनी झाकण कोपराने उघडलं, एक गोळी चिमटीत घेऊन खिडकीकडे धरली, बोटांत चुरडली.

"मैदा आहे," ते म्हणाले. "ती कणकेच्या करते. हळदही नाही. रिजेक्ट." आणि त्यांनी डबी माझ्या हातात परत दिली.

"तुम्हाला ठाऊक होतं, भाऊजी?"

"मूर्खासारखं विचारू नका. पाणी गाळायच्या जाळीच्या पिशवीत रोज पिवळं पीठ सापडतंय. फॉस्फेट वर चाललंय. अख्खी हयात नमुने तपासण्यात गेली माझी, मला माझ्या घरातलं कळणार नाही?"

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

मला भावेश आठवला, स्टूल आठवलं, माझा टायमर आठवला. वाशीचा तो डॉक्टर आठवला आणि किणकिणणारे कप. मी शकूबरोबर पोट धरून हसलो होतो तेही आठवलं, आणि कानशिलं गरम झाली.

"मग बोलला का नाहीत? नेऊन सोडायचं होतं तिला तळ्यावर. टाकी तरी वाचली असती."

ते परातीत थोडं पीठ टाकून मळू लागले. मळता येत नव्हतं त्यांना. सिमेंट कालवल्यासारखे हात चालले होते.

"सुरुवातीला नाही म्हणालो होतो, तेव्हा अक्कल पाजळली होती," ते म्हणाले. "मग तिने इथे सुरू केलं. म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. मग तिसरा महिना पार पडला. मागच्या दोन्ही वेळा तिसऱ्यातच... मग मी नाही बोललो."

"पण तुमचा विश्वास कुठे आहे?"

"नाहीच आहे!" ते एवढ्या जोरात ओरडले की मी मागे सरलो. "अजिबात नाही. माशाने कणीक खाल्ली काय न खाल्ली काय, गर्भाला काय त्याचं? निव्वळ भंपकपणा आहे. मला चार माणसांत विचारा, मी आजही हेच सांगेन." त्यांचा आवाज खाली आला. "पण मी बंद करायला लावलं असतं, आणि काही झालं असतं, तर? एकदा बोलून बसलोय मी, बाळू. पोरीने ऐकलंय ते."

त्यांनी मला बाळू म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटतं त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला या माणसाची कीव यायला हवी होती, किंवा निदान हसू. दोन्ही आलं नाही. मी चपला खाली ठेवायचं निमित्त करून वाकलो.

"हॉस्पिटलातून काही?" मी विचारलं.

"अजून नाही. डॉक्टर सकाळच्या फेरीनंतर सांगणार आहेत. कणीक घ्या थोडी, कोरडी. त्या डब्यात आहे. हात धुतलेत?"

मी हात धुतले. आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून गोळ्या वळायला लागलो. बाहेर हॉलमध्ये टायमर खट् करून लागला. ओट्यावरून टाकी सरळ दिसत होती. दिव्याच्या उजेडात तिच्या पुढच्या काचेवर, वरच्या कोपऱ्यात, शेवाळ खरवडून केलेली एक स्वच्छ जागा दिसली, वहीच्या पानाएवढी. बाकी सगळी काच हिरवी. ती जागा बरोबर तिथे होती जिथे उभी राहून ताई रोज वाटी धरायची. तिला गोळ्या खाली जाताना दिसाव्यात म्हणून तेवढंच घासलेलं.

मी त्याबद्दल विचारलं नाही.

मोबाइल अजून काळा होता. काचेवरच्या त्या स्वच्छ चौकोनात तो एकटा मासा आला, थांबला, आणि पुन्हा शेवाळामागे गेला. भाऊजींनी माझ्यासमोरची एक गोळी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली.

"मोठी झालीये," ते म्हणाले. "ज्वारीएवढी हवी."

त्यांनी ती मोडली आणि पुन्हा वळायला घेतली.